काटा लालमधी गेला अन् मेकॅनिक म्हणते हाफ इंजिन करा

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं

नवतपा लागला की आपल्याकडे माणसाचं अन् गाडीचं सारखंच होतं, दोघंही जागेवर बसतात. यावेळच्या पत्रांत निम्मी पत्रं गाडी तापण्याचीच आहेत. एक पत्र पूर्ण घेतो, कारण त्यात बाकीच्यांचंही बरंचसं येऊन जाते. मग दोन-तीन छोटे प्रश्न घेऊ.

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला कास्तकार. माह्याकडे पेट्रोलची छोटी गाडी आहे, मार्च २०१२ ची. दोन वर्षाआधी १ लाख ३५ हजारात सेकंडहॅन्ड घेतली, आता ९८ हजार किलोमीटर झाली. गावातल्या गावात काही तरास नाही. पण अमरावतीले जाचं म्हटलं की २०-२५ किलोमीटर झाले का टेम्परेचरचा काटा वर चढते, एसी लावला तर त्याच्याही आधी. बाजूले घेऊन पाच मिनिटं चालूच ठेवली तर थोडा खाली येते. पाणी हप्त्यातून अर्धा लिटर तरी कमी होते, ते मी घरच्या बोअरचं टाकून राहिलो. पहिल्या मेकॅनिकनं थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेकला, चार दिवस बरं वाटलं. दुसऱ्यानं फॅन डायरेक्ट करून देल्ला. मागच्या हप्त्यात बाबाले दवाखान्यात नेत होतो, काटा लालमधी गेला तरी मी तीन-चार किलोमीटर तशीच दामटली अन् मंग बॉनेटमधून वाफ निघाली. आता अमरावतीचा मेकॅनिक म्हणते हेड गॅस्केट गेलं, हाफ इंजिन करा लागते, २८ हजार. धूर पांढरा नाही, ऑइल चांगलं दिसते. घरचे म्हणतात भंगारात दे. पैसे तर सारे बी-बियाण्यात गेले. काय करू?

उत्तर : भाऊ, २८ हजार आजच्या आज देऊ नका, अन् गाडी भंगारातही देऊ नका. पण एक सांगतो, तपासणी होईपर्यंत बाबांना या गाडीत नेऊ नका. शेजाऱ्याची गाडी घ्या, एसटी घ्या, काहीही करा. अर्ध्या रस्त्यात बंद पडली तर मेच्या उन्हात बिमार माणसाला घेऊन कुठं उभे राहाल.

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य कोणतं सांगू? "गावात तरास नाही, २०-२५ किलोमीटर झाले का चढते". तीन मेकॅनिक झाले पण हे वाक्य कोणी कानावर घेतलेलं दिसत नाही. गाडी तापते *कधी*, यावर अर्धं निदान होते. उभी असताना किंवा बाजारातल्या गर्दीत तापते अन् रोडवर लागली की थंड होते, तर फॅन पाहायचा, म्हणजे फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर. सकाळी चालू केल्याबरोबर पाच-सात मिनिटांतच काटा वर, तर थर्मोस्टॅट म्हणजे तो वॉल अडकला असते नाहीतर आत पाणीच नसते. अन् गावात बरी पण ७०-८० च्या स्पीडला, घाटात, भरलेल्या गाडीत तापते, म्हणजे तुमचं, तेव्हा पाणी फिरून थंड व्हायला पाहिजे तेवढं होत नाही. मग रेडिएटर चोक, वॉटर पंपाचा पंखा झिजलेला किंवा खालचा पाइप ओढीनं चपटा होणारा. ८० च्या स्पीडला समोरून वारा एवढा येते की फॅनची गरजच नसते, त्यामुळं फॅन डायरेक्ट केल्यानं तुमचं काही होणारच नव्हतं. उलट ती मोटर आता दिवसभर फिरते, वर्षभरात जळेल. ती वायर आधी पहिल्यासारखी करून घ्या.

वॉल काढणं तर आपल्याकडे गावठी औषधासारखं झालं आहे, गाडी तापली की काढ वॉल. तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडते, त्याच्याआधी पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नाही, कारण इंजिनला पण आपलं एक तापमान लागते. तो नसला तर हिवाळ्यात गाडी गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जाळते, अन् काही इंजिनांत तर उलटंच होते, पाणी रेडिएटर सोडून जवळच्या रस्त्यानं इंजिनातच फिरत बसते. चार दिवस बरं वाटलं त्याचं कारण बहुतेक एवढंच की त्यानं काम करताना पाणी पूर्ण भरलं. नवीन वॉल टाका, ६०० ते १००० रुपयांत येते.

आता माझा संशय सांगतो. तुम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी, पिकाला देता येत नाही, प्यायचं तर सोडाच, अन् दोन वर्षं तुम्ही ते गाडीला पाजलं. तुमच्या घरी पाणी तापवायच्या गंजाला आतून पांढरा थर चढतो ना, खरवडला तरी निघत नाही? तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत चढला आहे. त्या नळ्या किती बारीक असतात पाहा एकदा, पातीसारख्या चपट्या. थर चढला की पाणी जायला जागा राहत नाही अन् जे जाते त्याचीही उष्णता ॲल्युमिनियमपर्यंत पोचत नाही. आणखी त्यातलं मीठ ॲल्युमिनियम खाते, ते वेगळं. कूलंट हा काही शहरवाल्यांचा शौक नाही. निम्मं कूलंट निम्मं पाणी असलं तर ते उकळते साधारण १०७ डिग्रीला, नुसतं पाणी १०० ला, अन् वरून झाकणाचा दाब बसला की कूलंट १२५ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणून रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नाही, तो दाबाचा वॉल्व आहे. त्याचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळते, बाजूच्या डब्यात जाते, तिथून बाहेर सांडते. तुमचं हप्त्याला अर्धा लिटर कमी होणं या झाकणामुळंही असू शकते. दोनशे-तीनशे रुपयाची वस्तू आहे.

एक पाहायचं राहतेच, ते म्हणजे जाळी. तुमच्या भागात हंगामात कापसाच्या गाड्यांच्या मागे कोण नाही चालत? रुई उडते, जिनिंगजवळ तर बर्फासारखी, ती जाऊन बसते एसीचा कंडेन्सर अन् रेडिएटर यांच्या मधात. समोरून पाहिलं तर कंडेन्सर चकाचक, मागे गादी. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या नळीनं पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं मारू नका, पत्र्या वाकतात अन् मग वारा जायचा बंद.

तरी पण अमरावतीचा मेकॅनिक खोटंच बोलते असं मी म्हणणार नाही. काटा लालमध्ये असताना तुम्ही चार किलोमीटर दामटली, त्यात गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं हेड अन् खालचा ब्लॉक यांच्या मधातली पातळ सील-पट्टी, खरंच गेलं असू शकते. फक्त त्याला एक विचारा, दादा, तुम्ही कशावरून म्हणता? तपासून सांगितलं असेल तर तो लगेच सांगेल, हे पाहा असं असं केलं. "पंचवीस वर्षाचा अनुभव आहे" असं उत्तर आलं तर गाडी घेऊन या परत. अनुभवाचं मला सांगू नका, माझाच किस्सा आहे. धंद्यात दहा वर्षं झाली होती, स्वतःला लय शहाणा समजत होतो, एका मास्तरांची गाडी आली, स्पीडला तापते म्हणून. मी पाहिलं न पाहिलं अन् सांगून टाकलं गॅस्केट. हेड खोललं, गॅस्केट नव्यासारखं. दोष निघाला खालच्या पाइपात, आतली स्प्रिंग सडली होती अन् रेस दिली की पाइप चपटा होत होता, तीनशे रुपयाचा पाइप. मजुरी परत दिली, पण गॅस्केट सेटचे अन् फेसिंगचे, म्हणजे हेड घासून सपाट करायचे, पैसे त्यांचे गेले ते गेलेच. मास्तर नंतर कधी माझ्याकडे आले नाहीत अन् त्यांचं काही चुकलं नाही.

तर तपासणी अशी करायची. सकाळी, गाडी रात्रभर थंड असताना झाकण उघडा, गरम गाडीचं झाकण तर कधीच उघडायचं नाही, माझ्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे. पाणी काठापर्यंत भरा अन् चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतातच, ते हवा निघण्याचे. पण इंजिन चालू आहे तोवर भात शिजल्यासारखे सारखे येत राहिले तर सिलिंडरमधली हवा पाण्यात येऊन राहिली, म्हणजे गॅस्केट. झाकण लावून चालू केल्यावर पहिल्याच मिनिटात, पाणी गरम व्हायच्या आधीच, वरचा पाइप दगडासारखा टणक झाला तरी तेच. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसते का पाहा, मात्र थंडीत अन् कमी चालणाऱ्या गाडीत थोडा फेस नुसत्या दमटपणानंही येते, त्यावरून घाबरायचं नाही, डिपस्टिकवरही तसाच दिसला तर मग खरं. तुमचं ऑइल चांगलं आहे ही चांगली गोष्ट, पण तेवढ्यावर गॅस्केट पास होत नाही, कारण ते फाटलं तर ऑइलकडेच फाटेल असं काही नसते.

मग गॅरेजमध्ये दोन टेस्ट मागून घ्या. एक, हातपंपानं रेडिएटरमध्ये झाकणावर लिहिला असते तेवढा, म्हणजे साधारण १ बार दाब भरून पंधरा मिनिटं ठेवायचा, पंपाचा काटा खाली आला अन् बाहेर कुठं थेंब नाही तर पाणी आत जाऊन राहिलं. दुसरी, निळ्या पाण्याची टेस्ट, रेडिएटरच्या तोंडावर नळी लावतात, जळालेला गॅस असला की निळं पाणी पिवळं होते. दोन्ही मिळून पाचशे-सातशे घेतील. २८ हजाराच्या आधी सातशे खर्च करायला कोणाचं काय जाते? आणखी एक, गाडी चांगली गरम झाली की बंद करा, चावी काढा, फॅनची वायर काढून ठेवा, अन् रेडिएटरच्या जाळीवर हाताचा मागचा भाग जवळ नेऊन पाहा, खालपर्यंत सारखी गरम पाहिजे. मधात मधात थंड पट्टे लागले की तेवढ्या नळ्या बुजल्या. तुमच्या गाडीत मला हेच निघेल असं वाटून राहिलं.

आता पैशाचं. हे आमच्या तालुक्याच्या गावातले अंदाजी भाव आहेत, शहरात कंपनीच्या सर्विस सेंटरला जास्त लागतील. टेस्ट चांगल्या आल्या, रेडिएटर चोक निघाला, तर नवीन रेडिएटर साडेतीन ते पाच हजार. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर शिगा घालून साफ व्हायचे, झाळायला यायचे, आताचे ॲल्युमिनियमचे अन् वर प्लास्टिकची टाकी, ते खोलून साफ करण्यात अर्थ नाही, बदलायचा. झाकण, वॉल, चार-पाच लिटर कूलंट, एकदा पूर्ण फ्लशिंग, मजुरी, सगळं धरून सात ते नऊ हजार. हे डोळे झाकून करा.

टेस्ट खराब आल्या, गॅस्केट गेलं, तरी हाफ इंजिन लगेच नाही. हेडचं काम वेगळं अन् हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-रिंगांपर्यंतचं काम, वेगळं, इथंच लोक फसतात. हेड उतरवायचं, लेथवाल्याकडे नेऊन पट्टी ठेवून पाहायचं वाकलं का, केसाएवढाही वाक चालत नाही, वाकलं तर फेसिंग करायचं, नवीन गॅस्केट, बोल्ट, ऑइल, कूलंट, अन् बंद करायचं. बारा ते सोळा हजार, रेडिएटर त्याच्यावर वेगळा. रेडिएटर न बदलता नुसतं गॅस्केट टाकलं तर दोन महिन्यात परत तिथंच याल. पिस्टन, रिंगा तेव्हाच, जेव्हा गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडलं आहे. तुमच्या पत्रात त्यातलं काही नाही. हेड उतरवलं की तुम्ही स्वतः जाऊन उभे राहा अन् जुनं गॅस्केट कुठं जळालं ते दाखवायला लावा. चांगला मेकॅनिक चिडत नाही.

अन् भंगाराचं म्हणाल तर, तुमची गाडी मार्च २०२७ मध्ये १५ वर्षांची होईल. मग आरसी पाच वर्षांसाठी नवी करा लागते, १ एप्रिल २०२२ पासून कारची ती फी ५ हजार झाली आहे, त्याच्यावर पर्यावरण कर, अन् तपासणीत पास व्हायला टायर-लाइट-ब्रेकची डागडुजी. हे आजच हिशोबात धरा. माझं मत असं, सगळं मिळून २५ हजाराच्या आत बसत असेल अन् खालून चेसिस सडली नसेल तर गाडी ठेवा, कारण दीड-दोन लाखात जी दुसरी जुनी गाडी घ्याल तिचं दुखणं तुम्हाला माहीत नसते, हिचं तरी माहीत आहे. हेड उतरवल्यावर क्रॅक निघाला किंवा खरंच पिस्टनपर्यंत काम गेलं, तर तिथंच थांबा, पुढं पैसे लावू नका, आहे तशी विकून टाका, पण घेणाऱ्याला खरं सांगून.

बोअरचं पाणी आजपासून बंद. कुठं अडलात तर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल वॉटर, ते नसलं तर आरओच्या कॅनचं, अन् काहीच नसलं तर मग जे मिळेल ते टाका पण घरी पोचल्यावर काढून टाका. गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं.

प्रश्न : मी वणीकडचा. गाडी गरम झाली होती, काटा पूर्ण वर. मग चालता चालता काटा आपोआप खाली आला, म्हटलं झाली थंड, चालवत राहिलो. दहा मिनिटांनी इंजिन जाम. फुल इंजिनचे ६५ हजार सांगतात, जुनं इंजिन बसवलं तर ३५. असं कसं झालं?

उत्तर : काटा पाण्याचं तापमान दाखवते भाऊ, इंजिनचं नाही. पाणीच संपलं तर सेन्सर हवेत लटकते, अन् काटा खाली येते. ती थंड झाल्याची नाही, जीव गेल्याची निशाणी. गरम झालेला काटा गाडी चालू असताना एकदम पडला तर तिथल्या तिथं चावी बंद करायची, रस्ता कसाही असो. आता खर्चाचं, तुम्ही गाडीचं साल लिहिलं नाही. दहा वर्षाच्या आतली असेल तर ६५ वाल्याकडे लेखी बिल अन् किमान सहा महिन्याची गॅरंटी मागा. त्याच्यापेक्षा जुनी असेल तर ३५ वालं जुनं इंजिन, पण बसवायच्या आधी त्याचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मोजायला लावा अन् इंजिन नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या. हे लोक टाळतात अन् मग विकताना अडकतात.

प्रश्न : मी परतवाड्याची, शिक्षिका आहे. शाळेसाठी आठवड्यातून दोनदा चिखलदऱ्याचा घाट चढते. खाली काही नाही, घाटात अर्ध्यावर काटा पाऊणपर्यंत जातो, वर पोचल्यावर खाली येतो. भीती वाटते. दाखवू का?

उत्तर : ताई, दाखवा, पण घाबरू नका, लालमध्ये जात नाही ना तोवर वेळ आहे. घाटात इंजिन पूर्ण जोर लावते अन् वारा मात्र कमी मिळते. आधी झाकण बदलून पाहा. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंच आहे, तिथं उघडं पाणी ९६ डिग्रीलाच उकळते, त्यामुळं झाकण दाब धरत नसेल तर खालच्यापेक्षा वर लवकर दगा देते. मग जाळी साफ, मग कूलंट किती जुनं ते पाहा. चढताना एसी बंद, तिसऱ्यात कण्हत नेण्यापेक्षा दुसऱ्या गिअरात मोकळी चालवा, पंप जोरात फिरते. तरीही काटा चढत राहिला तर हीटर फुल गरमवर अन् काचा खाली. मेमध्ये हीटर म्हणजे स्वतःला शिक्षा आहे पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर निघते, वरच्या वळणापर्यंत नेऊन देते. माकडं नसतील अशी जागा पाहून थांबा.

प्रश्न : रेडिएटर गळते तर हळद टाकली की बंद होते म्हणतात, खरं का? अन् हिरवं कूलंट असताना लाल टाकलं तर चालते का?

उत्तर : हळदीनं गळती थांबते, हे खरं आहे, जुने ट्रकवाले टाकायचे. पण हळदीला कुठं माहीत की भोक कोणतं अन् नळी कोणती, ती दोन्ही बुजवते. घरी पोचण्यापुरतं ठीक, त्यानंतर पूर्ण फ्लशिंग. रंगाचं म्हणाल तर रंग नुसता रंग आहे, आतलं रसायन कोणतं ते डब्यावर लिहिलं असते, वेगवेगळ्या जातीचं मिसळलं तर चिकटा होऊ शकते. कोणतं होतं माहीत नसेल तर सगळं काढा, डिस्टिल वॉटरनं दोनदा धुवा अन् एकच भरा. निघालेलं जुनं कूलंट अंगणात ओतू नका, ते चवीला गोड लागते, कुत्री-ढोरं पितात अन् मरतात.